बिनतिकिटाचे पाहुणे

नाटकास जातो तो प्रेक्षक, गाण्यास जातो तो श्रोता, देवळात जातो तो भक्त. आणि कीर्तनास जाऊन खांबाला टेकून जो पेंगतो त्यालाही श्रोताच म्हणण्याची उदार रीत आपल्याकडे आहे. परंतु कलेच्या घरी जो नुसताच जातो, ज्याच्या हाती तिकीट नाही, मनात कार्यक्रम नाही, आणि आज तेथे काय आहे याची चौकशीही ज्याने केलेली नाही, त्याला काय म्हणावे? अभ्यागत म्हणावे तर तो शब्द सरकारी विश्रामगृहाच्या वहीतला वाटतो. रिकामटेकडा म्हणावे तर त्यात निंदा येते. आम्ही आपले अशा माणसाला 'बिनतिकिटाचा पाहुणा' हे नाव देऊन मोकळे झालो आहोत. पणजीच्या कला अकादमीत या जातीचे पाहुणे आम्ही जितके पाहिले तितके अन्यत्र कोठेही पाहिले नाहीत. त्यांच्यात आमचीही गणना करावी लागेल.

आम्ही बेळगावचे. सासुरवाडी मात्र पणजीची, त्यातही सांतिनेजची, म्हणजे कांपालच्या शेजारचीच. त्यामुळे चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात पाऊल टाकले की त्याच सायंकाळी अकादमीकडे वळणे हा आमचा कुळाचार होऊन बसला. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरचे बोलणे कोंकणी, आमच्या घरचे मराठी. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना आम्हीही दादाच म्हणत असू, ते कोंकणीचे कडवे अभिमानी. १९६७ च्या जानेवारीत झालेल्या जनमत कौलात आपण 'दोन पानां'वर शिक्का मारला, ही गोष्ट ते आम्हाला दर दिवाळीस न चुकता ऐकवीत. आणि आम्ही तर १ नोव्हेंबर १९५६ ची जखम वागवणाऱ्या गावचे. मराठीचा विषय निघाला की आमचा आवाज आपोआप चढावयाचा. दिवाळीच्या सकाळी पानात वाढलेले नाना तऱ्हेचे फोव तसेच राहून जात आणि वाद १९८७ च्या राजभाषा कायद्यापाशी येऊन अडत असे. कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही वाट ठेवली. दादा पहिले कलम वाचून दाखवीत, आम्ही दुसरे. सौभाग्यवती दोघांच्याही पुढचे चहाचे कप उचलून नेत.

घरात असा प्रकार. परंतु संध्याकाळी पाच वाजले की दोघांचीही पावले एकाच दिशेस वळत.

कला अकादमी ही संस्था १९७० साली स्थापन झाली, आणि मांडवीच्या काठची तिची वास्तू १९८३ साली पुरी झाली. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया हे मूळ गोव्याच्या घराण्यातले, पण जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. म्हणजे हैदराबाद, बडोदे, इंदूर येथे वाढलेल्या आपल्या वाचकांसारखेच तेही परमुलखात जन्मलेले. गावाबाहेर वाढलेल्या माणसाला गावाची आठवण जितकी बारकाव्याने राहते तितकी गावातल्या माणसाला राहत नाही, असे आम्हाला नेहमी वाटते. ही इमारत पाहताना ते वाटणे बळावते. ती उंच नाही. रस्त्याने जाणाऱ्याला दिपवावे असे तिच्या अंगी काही नाही. झाडांच्या आड, जमिनीला धरून, ती पसरली आहे. रस्त्याच्या बाजूने कठड्यांच्या व तुळयांच्या जाळीखालून, उन्हातून अर्ध्या सावलीत आणि अर्ध्या सावलीतून पुऱ्या सावलीत आपण शिरतो. आणि आत आलो असे वाटते न वाटते तोच पलीकडे नदी दिसू लागते. एका बाजूस बंदिस्त नाट्यगृह, दुसऱ्या बाजूस चिऱ्यांच्या पायऱ्यांचे खुले प्रेक्षागार, आणि दोहोंच्या मधून हवा व माणसे यांची सारखीच ये-जा.

एखादा जाणता वाचक म्हणेल, यात काय नवल? नवल आहे. आमच्या आयुष्यात आम्ही बरीच नाट्यगृहे, कलादालने आणि सांस्कृतिक भवने पाहिली. त्यांतील बहुतेकांची पहिली ओळख फाटकाशी, दुसरी पहारेकऱ्याशी, आणि तिसरी त्याच्या 'काय पाहिजे?' या प्रश्नाशी होते. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'काही नाही' असे असते, आणि तसे उत्तर देणाऱ्याला आत सोडण्याची पद्धत नाही. कोरियांनी त्या प्रश्नाला उभे राहण्यास जागाच ठेवली नाही. गोव्याला ही गोष्ट अगदीच नवी नव्हती. गावागावांतील मांड तरी दुसरे काय? शिगम्याचे ढोल-ताशे वाजू लागले की त्या मोकळ्या पवित्र जागेभोवती सारा गाव जमतो. कोण नाचावयास आला आणि कोण सहज आला याची नोंद कोणी ठेवत नाही. देवळासमोर जत्रेचे नाटक रंगते तेव्हाही निम्मे लोक फुलांच्या आणि खाजाच्या दुकानांपाशी उभे राहून अर्ध्या कानानेच ते ऐकत असतात. शहराने हा मांड हरवला होता. कांपालला तो पुन्हा सापडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर दादा रोज तेथे जाऊ लागले. वर्षाकाठी ते जेमतेम तीन नाटके पाहत, एखाद्या वर्षी केसरबाई केरकरांच्या नावाच्या संगीत समारोहाची एखादी बैठक ऐकत. बाकीचे सर्व दिवस ते तेथे काय करीत? नदीच्या बाजूस बसत. आग्वादच्या दिशेने सूर्य उतरे, रेतीच्या बार्जी जात, वारा सुटे. मागल्या बाजूने कोणाच्या तरी तालमीचे संवाद कानी पडत, कोठून तरी तबल्याचे बोल येत; आणि दुसऱ्या अंगाला पाश्चात्त्य संगीताचे वर्ग असल्यामुळे मधूनच एखादे व्हायोलिन तोच तोच सूर पुनःपुन्हा घासून पाहत असे. आम्ही एकदा त्यांना म्हटले, "दादा, तुम्ही येथे येऊन पाहता तरी काय?" ते म्हणाले, "भावजी, पळोवंक न्हय, हांव बसूंक येतां." पाहावयास नव्हे, बसावयास! अकादमीच्या हिशेबात या माणसाची नोंद कोठेही सापडणार नाही. तिकीट नाही, वर्गणी नाही, अर्ज नाही. अशी माणसे तेथे रोज किती असत याचा आकडा कोणापाशी नसावा.

त्यांचा एक मोठा वर्ग म्हणजे मुलांना शिकवणीस सोडून बसलेले आईबाप. कोणाची मुलगी कथ्थक शिकते, कोणाचा मुलगा पेटी. तासभर या मंडळींना दुसरे काम नसते. आमच्या सौभाग्यवतींनी या पायऱ्यांवर आमसुले कोणाकडून घ्यावीत येथपासून कोणत्या गुरूंचा तराणा चांगला येथपर्यंत सारे ज्ञान मिळविले. त्यांच्यातील एका बाईंनी पाच वर्षे मुलीची वाट पाहता पाहता यमन राग ओळखावयास शिकल्याचे सांगितले. मुलीने मध्येच गाणे सोडले. बाईंचे कान मात्र तयार झाले ते झालेच.

कलादालनातील अभिप्रायाची वही ही आमची आणखी एक आवडती जागा. चित्रे पाहून झाली की, आणि खरे सांगायचे तर कधी कधी पाहण्यापूर्वीही, आम्ही ती वही उघडतो. 'सुंदर', 'उत्तम प्रयत्न', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे तीन अभिप्राय प्रत्येक वहीत असतात. ते लिहिणाऱ्यांनी चित्रे पाहिली असतील याची खात्री देता येत नाही. पण त्यांच्यामध्येच कोठेतरी एखादी वाकडीतिकडी ओळ असते. विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनाच्या वहीत, मोठ्या मुळाक्षरांत, एका लहान मुलीने लिहिले होते: 'हांवूंय अशें काडटलें.' मीही असे काढीन. खाली नाव नव्हते. त्या प्रदर्शनातले एकही चित्र आज आमच्या डोळ्यांपुढे नाही, ती ओळ मात्र आहे.

आता नाट्यगृहात शिरू. त्याला मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे नाव दिले आहे, हे मराठी संगीत रंगभूमीवर प्रेम करणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. परंतु आत पाऊल टाकताच आमच्यासारखा पहिल्यांदा आलेला मनुष्य दचकला. प्रयोगाला अवकाश होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि तरीही दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून लोक आमच्याकडे पाहत होते! ती किमया मारियो मिरांदा यांची. लोटलीच्या या चित्रकाराने भिंतींवर जुन्या धर्तीच्या नाटकघराचे सज्जे रंगविले आणि त्यांत गोव्याची माणसे बसविली. ती कठड्यावरून वाकली आहेत, शेजाऱ्याशी कुजबुजत आहेत, रंगमंच सोडून भलतीकडेच पाहत आहेत. खऱ्या प्रेक्षकांचे सारे अवगुण त्यांच्या अंगी आहेत. दुपारच्या तालमीला समोर चिटपाखरू नसले तरी नवख्या नटाला येथे एकटे वाटू नये. आणि आमच्या मनात नेहमी येते की, या लोकांनी तिकीट काढलेले नाही. रात्री मराठी नाटक असो की कोंकणी, तियात्र असो की परदेशी वाद्यवृंद, ती जागची हलत नाहीत, आणि कोणत्या भाषेला बसावे व कोणत्या भाषेला उठून जावे असा पेच त्यांना पडत नाही.

तो पेच जिवंत माणसांना पडतो. फलकावर मराठी नाट्यस्पर्धा, कोंकणी नाट्यस्पर्धा आणि तियात्र स्पर्धा यांच्या सूचना शेजारी शेजारी लागत, परंतु त्या वाचणारी माणसे निरनिराळी असत. मराठी स्पर्धेच्या दिवशी फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतून मंडळी येत. एखाद्या खेड्यातील हौशी संस्थेचा नेपथ्याने भरलेला टेंपो मागल्या बाजूस लागे, आणि नटांचे सारे आप्तइष्ट प्रेक्षागारात येऊन बसत. गोव्यातील मराठी नाटकाचे वेड हे काही वर्तमानपत्री कौतुक नव्हे. ज्या गावात शंभर उंबरे नाहीत तेथेही रंगमंच उभारला जातो, हे आम्ही पाहिले आहे. तियात्राच्या दिवशी बार्देश आणि साष्टीची माणसे. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला. तेव्हापासून नाटकाच्या पडद्यापडद्यांमध्ये गाणी म्हणण्याची, आणि त्या गाण्यांतून सत्ताधाऱ्यांपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांची हजेरी घेण्याची ही परंपरा अखंड चालत आली आहे. एका घराला दोन जिने असावेत आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांची एकमेकांशी ओळख नसावी, तसा हा प्रकार.

एका वर्षी आम्ही कोणा आप्ताच्या लग्नासाठी पणजीत होतो. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिघेही अकादमीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आत तियात्र होते. तिकीट-खिडकीपाशी गर्दी, मुलांचा गलका, आतून कर्ण्याचा आवाज. एक वृद्ध गृहस्थ धापा टाकीत शेजारी टेकले. आम्ही मराठीत बोलत आहोत हे ऐकून त्यांनी विचारले, "तुमी खंयच्यान आयल्यात?" बेळगावहून, म्हणताच ते म्हणाले, "इतले पयस? मागीर तियात्र पळोवन वचात!" इतक्या दुरून आलात, मग तियात्र पाहूनच जा. त्यांच्या कुटुंबातील तीन माणसे येऊ शकली नव्हती. तीन तिकिटे त्यांच्या खिशात होती. पैसे घ्यावयास ते तयार होईनात. शेवटी सौभाग्यवतींनी जवळचा लग्नातील बुंदीच्या लाडवांचा पुडा त्यांच्या हाती दिला, तेव्हा व्यवहार मिटला.

त्या रात्रीची गंमत आम्ही नव्हे, दादांनी केली. कोंकणीसाठी ज्यांनी उभी हयात भांडण्यात घालविली, त्या दादांना पहिल्या पडद्यातील अर्धे संवाद कळेनात! त्यांची कोंकणी सारस्वतांच्या माजघरातली. रंगमंचावरची साष्टीची, पोर्तुगीज शब्दांनी मढलेली, इगर्जीच्या अंगणात खेळलेली. लोक हसत आणि दादा क्षणभर थांबून आमच्याकडे पाहत. आम्ही सौभाग्यवतींकडे पाहत असू. त्या मात्र केव्हाच हसू लागल्या होत्या. पलीकडच्या खुर्चीवरील एक म्हातारी ख्रिस्ती बाई खाली वाकून दादांना म्हणाली, "कळटा मूं तुमकां?" आणि मग दर दोन वाक्यांनी ती त्यांना अर्थ सांगू लागली. कोंकणीच्या त्या अभिमान्याने कोंकणीचे भाषांतर कोंकणीतच ऐकले! मध्यंतरापूर्वी एक गायक उभा राहिला. आईविषयीचे गाणे होते. परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारी आई. शब्द आम्हाला सगळे कळले असे नाही. दिवे मंद होते, तरी दादांनी चष्मा काढून पुसला हे आम्हाला दिसले. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा आखातात होता. गाणे संपल्यावर लोकांनी टाळ्यांनी ते पुन्हा म्हणावयास लावले, आणि त्या टाळ्यांत दादांच्या टाळ्या सर्वांत मागून थांबल्या.

परतताना ते बराच वेळ गप्प होते. घराच्या पायरीवर येऊन म्हणाले, "भावजी, तुमच्या मराठी नाटकातले मला सगळे कळते. म्हणून तेथे मी नीट ऐकत नाही." यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. पुढल्या दिवाळीस वाद झाला नाही असे मुळीच नाही; झालाच. पण १९८७ च्या कायद्यापाशी येण्यापूर्वी दादांनी आपण होऊन फोवांचे ताट पुढे ओढले. त्या वर्षीच्या मराठी स्पर्धेची दोन नाटकेही त्यांनी आमच्याबरोबर पाहिली, आणि दुसऱ्या नाटकावर अशी कडक टीका केली की ती आमच्या बेळगावच्या नाट्यसमीक्षकांनाही शोभली असती.

२०२१ साली नूतनीकरणासाठी अकादमी बंद झाली. इमारत जुनी झाली होती, गळती होती, दुरुस्ती हवी होती. त्याविषयी वाद नाही. नाटके काही थांबली नाहीत. मडगावला रवींद्र भवन आहे, फोंड्याला राजीव गांधी कलामंदिर आहे, आणि देवळांच्या मंडपांत तर ती कधीच थांबत नाहीत. ज्याच्या हाती तिकीट होते त्याला कोठे ना कोठे खुर्ची मिळाली. अडचण झाली ती बिनतिकिटाच्या पाहुण्याची. त्याला मडगावास कोण बोलावणार, आणि तो तेथे जाऊन काय म्हणून सांगणार? त्या काळात आम्ही पणजीस गेलो तेव्हा दादांनी आम्हाला नेहमीच्या वाटेने नेले. रस्त्याच्या कडेने उंच पत्रे उभे होते. नदी पलीकडे होती, वाराही येत होता, पण पाणी दिसत नव्हते. दादा पत्र्याला हात लावून उभे राहिले आणि मग म्हणाले, "चला, बागेत बसू." समोरच्या बागेतील बाक चांगला होता. सावली होती. पण तेथे कोणाची तालीम चालली नव्हती, तबला नव्हता, चुकणारे व्हायोलिन नव्हते. दहा मिनिटांत ते उठले.

पुढे ते संध्याकाळी घराबाहेर पडेनासे झाले. गुडघे दुखतात, असे सांगत. गुडघे तर पूर्वीही दुखत होते. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले. इमारत बंद झाली म्हणून ते गेले, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. वय झाले होते आणि हृदय दुबळे होते. परंतु शेवटचे वर्षभर ते संध्याकाळी कोठे बसले असते, या प्रश्नाला आमच्यापाशी एकच उत्तर आहे, आणि त्या उत्तराभोवती तेव्हा पत्रे होते.

जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छपराचा भाग कोसळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अकादमी पुन्हा उघडली. ध्वनी व प्रकाश यांविषयी कलावंतांनी त्यानंतरही जाहीर तक्रारी केल्या. रंगमंचावर उभे राहणाऱ्यांना त्यातले अधिक कळते आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, याहून जास्त बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमची तपासणी दुसऱ्या प्रकारची होती. २०२४ च्या आरंभी आम्ही दोघे पणजीस गेलो, तेव्हा आत जाताना आम्हाला कोणी अडवतो की काय, इकडेच आमचे लक्ष होते. कोणी अडविले नाही. सावली पूर्वीचीच होती. रंगाचा वास काही ठिकाणी अद्याप गेला नव्हता. सौभाग्यवती नदीच्या बाजूस गेल्या आणि दादा बसत त्या जागेच्या थोड्या अलीकडे, ती जागा मोकळी ठेवून, बसल्या. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो.

कोठे काही चालले नव्हते. फलकावर त्या दिवसाची सूचना नव्हती. थोड्या वेळाने कामावरून सुटलेला असावा असा एक तरुण, खांद्याला पिशवी आणि हातात रिकामा डबा घेऊन आला. आमच्याकडे पाहून त्याने विचारले, "आज कितें आसा हांगा?"

"आज कांयच ना," सौभाग्यवती म्हणाल्या.

"मागीर बरें," असे म्हणून त्याने डबा खाली ठेवला, चपला काढल्या, आणि त्या मोकळ्या जागेवर बसला.